दोमिनेचा रक्तदाब

बोका काळाभोर होता आणि गळ्याखाली तेवढा पांढरा पट्टा, म्हणून वोब्बेच्या बायकोने, चित्स्केने, त्याचं नाव ठेवलं होतं दोमिने, म्हणजे पाद्रीबुवा. नवरा चर्चच्या पंचमंडळात, पाद्र्याच्या प्रवचनावर नजर ठेवणारा, आणि घरातला पाद्री उंदीर खातोय, याची तिला फार गंमत वाटायची. गेल्या हिवाळ्यात चित्स्के गेली. मागे राहिले हे दोघे, एकमेकांना जेमतेम सहन करणारे.

आता दोमिनेची मूत्रपिंडं थकली होती आणि दवाखान्यात त्याचा रक्तदाब दर वेळी आभाळाला भिडायचा. तरी जनावरांची डॉक्टर नीन्के गोळी द्यायला कचरत होती. तिचं म्हणणं, जनावर घाबरलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या इवल्याशा ग्रंथी रसायनं सोडतात, रक्तदाब चढतो आणि शेवटी मार बसतो तो मूत्रपिंडांनाच. ज्याच्या खांद्यावर बसायचं, त्याच्याच कानाखाली वाजवायची. पण दाब नुसता भीतीचा असेल आणि गोळी दिली, तर तो इतका उतरायचा की उरलीसुरली मूत्रपिंडंही रक्ताविना बसायची. तेव्हा घरीच शांतपणे मोजू, असं ठरलं.

डॉक्टर येणार म्हणून वोब्बेने रविवारचा काळा सूट चढवला आणि तोंडात पेपरमिंट टाकली. नेदरलँड्सच्या फ्रीसलँडमधला देवभीरू माणूस पेपरमिंट चघळल्याशिवाय प्रवचन ऐकत नाही, मग डॉक्टरचं निदान कसं ऐकणार? नीन्केने बोक्याच्या शेपटीला पट्टा बांधला. दोनशे दहा. चित्स्केचं म्हणून घरात हा बोका एवढाच जिवंत उरला होता.

वोब्बेने घाईघाईने कप उचलला आणि कॉफी कोटावर सांडली. तो आत गेला, पेपरमिंट थुंकली, कोट भिजत घातला आणि खुंटीवरचं चित्स्केचं विटकं स्वेटर अंगात अडकवून परतला. दोमिने टुणकन त्याच्या मांडीवर चढला. नीन्केने पुन्हा मोजलं. दीडशे.

"काका, तो कोट तुम्ही कधी घालता?"

"रविवारी, चर्चला." मग हळूच म्हणाला, "आणि तिला पोहोचवायला घातला होता."

"मग बरोबर आहे. कोट दिसला, पेपरमिंटचा वास आला, की घरातलं कुणीतरी जातं, एवढंच त्याला कळतं. गोळी नको. कोटच घराबाहेर काढा."

वोब्बेला रडू आलं, आणि बोक्यापुढे रडलो याची लाजही वाटली. त्या मुक्या जिवाला आपल्याइतकंच दुःख झालंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सूट आणि पेपरमिंटचा पुडा सायकलींच्या शेडमध्ये गेला. पुढच्या रविवारी पंचमंडळाचे ज्येष्ठ सदस्य वोब्बे सूट चढवण्यासाठी शेडमध्ये लांब चड्डीवर एका पायावर उड्या मारताना शेजारच्या आउक्येने पाहिले, आणि चर्चची घंटा व्हायच्या आत ते साऱ्या गावाने पाहिल्यासारखं झालं.

संध्याकाळी चर्चचे खरे दोमिने चौकशीला आले. वोब्बेने खाली मान घालून सगळं सांगितलं. शोभत नसेल तर पंचमंडळ सोडतो, पण बोक्याला त्रास देणार नाही, असंही सांगून टाकलं.

खऱ्या दोमिनेंनी वोब्बेच्या मांडीवरच्या दोमिनेचं डोकं खाजवलं.

"सोडू नका," ते म्हणाले. "फक्त चर्चलाही हे स्वेटरच घालून या. पहिल्या बाकावर तुम्ही त्या कोटात दिसलात की माझाही दाब चढतो."