हाताला बसलेला वेढा

मी एक दोरी. बोटीमागे पाण्यावरून माणसं ओढणारी, साठ फुटांची, टोकाला मूठ असलेली. दामिनीने मला दुरून आणलं तेव्हा तिला वाटलं होतं, बॅरेजमागचं एवढं रुंद तापीचं पाणी बघून गावातल्या मुली रांग लावतील. इथे भेटली जलपर्णी, काठावरचं धुणं आणि लांबूनच बघून परतणारी माणसं. तीन महिने मी केळीच्या शेडमध्ये खुंटीवर लोंबकळत होते. माझा पिवळा रंग तिथेच गेला.

वॉटरस्कीइंग आणि वेकबोर्डिंगची प्रशिक्षक व्हायला दामिनीची एकच पायरी उरली होती. पाण्यात कधी न उतरलेल्या माणसाला परीक्षक मॅडमसमोर फळीवर उभं करायचं. त्या दाखल्याशिवाय कुणी आपली मुलगी तिच्या हाती देणार नव्हतं. शेवटी तिची वहिनी प्रतिभा तयार झाली.

मॅडम काठावर खुर्ची टाकून बसल्या. बोट शेजारच्या रतिलालकाकांची.

“इतली शिकनी, अन आते वहिनीलेच जुपी ऱ्हायनी का?” काका हसले.

दामिनी बोटीत मागे तोंड करून बसली होती. “वहिनी, पडनी का दोरी सोडी दे!”

“माले माहीत शे!”

पण प्रतिभाने आयुष्यभर बैल हाकले होते. कासरा निसटू नये म्हणून तळव्याला वेढा देतात, तसाच तिने नकळत माझा एक वेढा हाताला मारला. दामिनीने तो पाहिला. तिची नजर काठावर मॅडमकडे गेली, आणि तिने काकांना निघायची खूण केली.

प्रतिभा उभी राहिली! दहा मोजेपर्यंत. मग आडवी झाली, आणि मी काही सुटले नाही. काकांनी इंजिन बंद करेपर्यंत मी तिला फरफटवलं. तळव्याची साल माझ्या धाग्यांत राहिली.

“सोडी का नही दिनी?”

“सोडू कशी? बैल पळी जाई ना!” प्रतिभा रडता रडता हसली. दामिनी हसली नाही.

काठावरून वेढा दिसला नव्हता. “छान उभं केलंस,” मॅडम म्हणाल्या, “पडणं चालायचंच. सकाळी निघताना सही करते.”

संध्याकाळी दामिनीने मला तीनदा धुतलं. रक्ताचा डाग काही गेला नाही.

सकाळी मॅडमची गाडी सुरू झाली तेव्हा मी दामिनीच्या खांद्यावर होते.

“मॅडम, वहिनीने दोरीचा वेढा हाताला मारला होता, तो मी पाहिला होता. तरी बोट सोडायला सांगितली. सही करू नका.”

“पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे.”

“चालेल.”

गाडी गेल्यावर तिने मला कोरड्या वाळूवर पसरलं. एक टोक तिच्याकडे, दुसरं प्रतिभाच्या पट्टी न बांधलेल्या हातात. झटका बसला की सोडायचं, एवढंच. धुणं टाकून दोन बायका बघायला आल्या.

मी आता थकलेय, किती दिवस टिकेन माहीत नाही. तुम्ही कधी मला हातात घेतलंत, तर नुसत्या बोटांनी धरा.