ढिली पत्री

जहांगीरचाचांनी बुटाच्या टाचेत पकड घातली, एक खिळा उपसून काढला आणि उन्हात धरून उलटासुलटा केला. समोर दगडावर डावा पाय लांब करून बसलेले विश्वंभर सर त्या खिळ्याकडे डोळे लावून होते.

"झिजला काय चाचा?"

"थोडा," चाचा म्हणाले आणि नवा खिळा ओठांत धरला.

सरांना हायसं वाटलं. दिवाळीपासून नाचताना त्यांचा ताल चुकत होता. डाव्या पायाचे लागोपाठ दोन ठोके पडायला हवेत तिथे एकच पडे आणि दुसरा फरफटत मागून येई. दोष लोखंडात असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लोखंडाचा दोष निघतो तरी.

औंढ्याच्या एसटी स्टँडमागे, लिंबाखाली चाचा बसत. नालबंदाचं घर, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचा धंदा. शिवारात ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले, आणि आता बाजाराच्या दिवशी एखादा बैल आला तरी चाचा घरी जाऊन सांगत. आठ वर्षांपूर्वी सर इथे पहिल्यांदा आले ते काळे बूट आणि मोबाइल घेऊन. मोबाइलमध्ये एक जुनी, काळीपांढरी चित्रफीत होती. उंच टोपी घातलेला एक गोरा माणूस बुटांनी जमीन नुसती बडवत सुटला होता, आणि तरी चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

"याला टॅप डान्स म्हणतात चाचा. बुटाखाली लोखंड पाहिजे."

चाचांनी ते दोनदा पाहिलं आणि काही न विचारता कामाला लागले. बैलाच्या एका खुराला दोन नख्या, म्हणून पत्र्याही दोन. त्या हिशेबाने त्यांनी सरांच्या चवड्याखालीही दोन-दोन पत्र्या ठोकल्या. खऱ्या बुटाला तिथे एकच अख्खी पट्टी असते. सर बोलणार होते, पण आधी शेजारी पडलेल्या जुन्या गाडीच्या साट्यावर, म्हणजे त्या फळ्यांवर, चढून त्यांनी पाय आपटून पाहिला. मोठ्या ठोक्यामागून दोन पत्र्यांमधला एक बारीक आवाज निघाला. त्या बारीक आवाजावर सरांचा जीव जडला तो जडलाच. पहिले काही महिने बाजार जमा होऊन हसला. मग बाजारालाही कंटाळा आला.

सर शिरड शहापूरच्या शाळेत गणित शिकवत. एकतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून झाली, मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली हिंडून झालं, आणि आता रात्रभर झोपूनही सकाळी थकवा तसाच उशाशी बसलेला असे. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ होता. कार्यक्रमपत्रिकेत भाषणांच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'सरांचे नृत्य, तीन मिनिटे'. शाळेसमोर ते एकदाही नाचले नव्हते. या तीन मिनिटांसाठी ते आठ वर्षं जगले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

डावा बूट उरकून चाचा उजव्या बुटाच्या पुढच्या पत्रीत शेवटचा खिळा ठोकत होते तेवढ्यात तांड्यावरचा वसराम लंगडणारा बैल घेऊन आला. चाचांनी बूट बाजूला ठेवला, बैल डांबरावरून एकदा चालवायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं.

"पाड त्याला. बघू."

दोघांनी दोर टाकून बैल आडवा केला. पडल्या पडल्या बैलाने तोच लंगडा पाय असा झाडला की वसराम दोन हात मागे सरला.

"पाहिलं? भार न्हाई तर पाय चांगला हाय," चाचा म्हणाले. "सांधा गेला वसराम. पत्री मारून काई होत नसतं. आता जुवाखालून सोड त्याला."

"एक डाव मारून तं बघा."

"न्हाई म्हन्लं ना. उगं तकलीफ काहून देतो त्याला?"

वसरामने बैल उठवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तो निघून गेला. सर बूट घालून साट्यावर चढले. उजवा पाय बरोबर वाजला. डावा फरफटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गुडघाच वाकला आणि त्यांनी लिंबाचं खोड धरलं.

"खिळा बदलला ना तुम्ही?"

"बदलला."

"मग?"

चाचा उठले, आपली लाकडी तिवई उचलून त्यांनी साट्यावर ठेवली.

"बसा सर. बसून वाजवा."

सर काही खुळे नव्हते. नुकताच आडवा पाडलेला बैल त्यांनीही पाहिला होता. त्यांचा चेहरा उतरला. नाही म्हणायचं त्राणही अंगात नव्हतं, म्हणून ते बसले. बसल्या बसल्या दोन्ही पाय हलवले.

दोन ठोके, दोन ठोके, आणि मागून तो बारीक आवाज. दिवाळीपासून हरवलेलं सगळं जागच्या जागी होतं. पलीकडच्या कांदेवालीने कितीतरी दिवसांनी मान वळवून पाहिलं. सर एकदम थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बसून नाचलो तर पोरं हसतील चाचा."

"उभ्यानं नाचले तवा हा बाजार काय कमी हसला?"

सरांना हसू आलं, ते संपायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं,

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"दिवाळीपासून. साट्यावर पाय पडला का कळतंच."

"मग दर बाजाराला खिळे काहून बदलत होतात? वसरामला तर तोंडावर सांगितलं."

चाचा खाली सांडलेले खिळे एकेक करून डब्यात टाकत राहिले.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी कायला आले असते सर?" ते डब्याकडे बघतच म्हणाले. "दिवसभर हिकडं कोन येतं?"

सरांनी बूट काढले, पुसले, पिशवीत घातले. हँडलला पिशवी अडकवून ते मोटारसायकलवर बसले आणि चावी फिरवता फिरवता थांबले.

"चाचा, उजव्या बुटाची पुढची पत्री जरा ढिली वाटून राहिली. शनिवारचं निभेल कसंतरी. पुढच्या बाजाराला आणतो."

ती पत्री चाचांनी घटकाभरापूर्वी स्वतः ठोकली होती. त्यांनी मान वर करून सरांकडे पाहिलं.

"आना," ते म्हणाले. "पर सकाळून या. मंग लई गर्दी होती."