काढलेल्या पायऱ्या

माणसाला हौस असावी, पण हौसेनं किती उंच चढावं यालाही काही माप असतं. वडीगोद्रीच्या बद्रीनाथला हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. हायवेला त्याचं ठिबकचं दुकान होतं, घरची शेती होती, बायको साधना समजूतदार होती. म्हणजे गड्यानं गुमान सुखात राहायला काहीच हरकत नव्हती. पण दारात वडिलांची जुनी डिझेल जीप उभी होती, आणि मोबाइलवर लोक असल्याच जुन्या जिपा खडकांवर चढवताना दिसत होते. मग काय, दर रविवारी दोस्तांबरोबर गोदेच्या वाळूत जायचं, गाडी रुतवायची, काढायची, आणि संध्याकाळी लढाई जिंकल्यासारखं घरी यायचं.

जीप घेतली होती सर्जेरावांनी, बद्रीनाथच्या वडिलांनी. सर्जेराव बायकोशी चार शब्द गोड बोलल्याचं गावात कुणाला आठवत नाही. पण जीप दारात आली, आणि बायकोला, चतुराबाईला, लुगडं सावरत पाय उचलून चढताना त्यांनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन जाड पत्र्याच्या दोन रुंद पायऱ्या बसवून आणल्या. “पोती चढवायला बऱ्या पडतेत,” एवढंच म्हणाले. पोती मागून चढतात, हे सगळ्या घराला माहीत होतं.

सर्जेराव गेले, आणि त्या पायऱ्यांवर पाय देऊन चतुराबाई हसनाबादला जात राहिली. तिथं तिची थोरली बहीण, पुष्पाबाई. आईबाप गेलेले, भाऊ नाही, तेव्हा माहेर म्हणून उरलेली ती एवढीच जागा. जालन्याच्याही पलीकडे, भोकरदनच्या अंगाला. एसटीनं जायचं तर गाड्या बदलायच्या, आणि चतुराबाईचा डावा गुडघा साधा ओटा चढतानाही तक्रार करायचा. म्हणून महिना-दोन महिन्यांनी बद्रीनाथ तिला जीपमधून नेऊन सोडायचा. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या आणि निघताना रडायच्या. पुष्पाबाईच्या डोळ्यांना आता कमी दिसत होतं, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. “दिसतंय तवर तोंड दाखवून जात जा गं,” असं ती दर वेळी बजावायची.

अशात एका रविवारी गोदेच्या वाळूत मागचा अ‍ॅक्सल कडकन तुटला. टोचन करून जीप जालन्याला नागसेनच्या गॅरेजमध्ये नेली. नागसेननं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “दांडा गेला, भाऊ. दुसरा टाकू, काम भागतंय.”

काम भागवायला बद्रीनाथ आलाच नव्हता. त्याला जड गाडीचे अ‍ॅक्सल हवे होते, पुढं आणि मागं दोन्ही. जड अ‍ॅक्सल आले की मोठी चाकं आली, मोठी चाकं आली की खालच्या स्प्रिंगच्या कमानी उंच करणं आलं, आणि गाडी एवढी जड झाली की जुने ब्रेक कसे पुरणार? जुन्या गाडीला बोट दिलं की ती मनगट धरते. बद्रीनाथ दुकान पोरांवर सोडून दोनदोन दिवस गॅरेजमध्येच बसू लागला.

शेवटी नागसेन हातात पाना घेऊन थांबला. “भाऊ, ह्या पायऱ्या आडव्या येऊन राह्यल्या. चाक वळलं की घासणार, खडकावर तर पहिल्या ह्याच अडकतीन. काढू? का तुमची माय बसती म्हून ठिवायच्या? ठिवायच्या असतील तर जरा येगळ्या करून देतो, दोन दिवस जास्ती लागतीन.”

आता इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं आई उभी राहिली. लुगड्याचा काठ एका हातात धरून, दुसऱ्या हातानं दांडी पकडून, उजवा पाय आधी पायरीवर ठेवणारी. अगदी स्पष्ट उभी राहिली. आणि त्याच वेळी त्याला रविवारी गोदेकाठी जमणारे दोस्तही दिसले.

“काढ,” तो म्हणाला. “माय आता कुठं जाती?”

मागच्याच महिन्यात ती हसनाबादला जाऊन आली होती. नागसेननं नट सोडवले. पायऱ्या भंगारात टाकू का म्हणून त्यानं विचारलं, तर बद्रीनाथ नको म्हणाला. पोत्यात घालून त्यानं त्या घरी आणल्या आणि गोठ्यात कडब्याखाली सारल्या. चोरीचा माल दडवावा तशा का दडवल्या, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

जीप घरी आली तेव्हा साधनानं नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं. गाडी अशी उंच की शेजारच्या भिंतीवरून तिचं टप दिसायचं. “माय, चल, चक्कर मारू,” बद्रीनाथ म्हणाला. चतुराबाई जवळ गेली, जिथं पायरी असायची तिथं खाली बघितलं, मग वर सीटकडं बघितलं.

“आत्ता न्हाई रं. दूध तापवायचंय,” ती म्हणाली, आणि आत गेली. दूध केव्हाच तापवून झालं होतं.

त्यानंतर हसनाबादचा विषय निघाला की कधी म्हैस व्यायला झालेली असायची, कधी उघड्या गाडीतलं वारं कानाला सोसत नसायचं, कधी एकादशी असायची. चतुराबाईच्या कारणांना तोटा नव्हता. आणि बद्रीनाथही लबाड असा की प्रत्येक कारण आनंदानं खरं मानायचा. एकदा साधना सासूबद्दल म्हणाली, “आत्याबाईला गाडीत चढता येईना, तुम्हाला दिसत न्हाई का?” त्यावर तो, “तिलाच जायचं न्हाई,” म्हणून अंगावर ओरडला. ज्याचं चुकतं त्याचाच आवाज आधी चढतो.

पावसाळा सरला. ठिबकच्या एका कामासाठी बद्रीनाथला भोकरदनकडं जावं लागलं. वाटेत हसनाबाद आलं, तर मावशीला न भेटता कसं जावं? पुष्पाबाई ओसरीत बसली होती. त्याचा आवाज ओळखला, पण नेहमीसारखी उठली नाही.

“एकलाच आला?”

“हो, मावशी. काम होतं इकडं.”

“गाडी तर हाय मंग. ती काहून न्हाई आली?” पुष्पाबाईचा आवाज कापायला लागला. “फोन केल्ता म्या. म्हणली, मला येऊच वाटंना. सख्ख्या बहिणीकडं येऊ वाटंना? म्या काय केलं रं तिला? आता समोरच्याचं तोंड धुरकट दिसून राह्यलं मला. सांग तिला, पुष्पा म्हणली, नको येऊ. आता येऊन तरी काय दाखवणार?”

बद्रीनाथच्या हातातला चहा तसाच निवला. आईला सांगता आलं असतं की पोरानं गाडी उंच केली, मला चढता येत नाही. एवढं एक वाक्य. ते तिनं सांगितलं नव्हतं. पोराला बोल लागू नये म्हणून बहिणीशी वाईटपणा घेतला होता. आणि हे कळूनही त्याच्या तोंडून खरं निघालं नाही. “येईल माय,” एवढंच पुटपुटून तो उठला. परतताना खड्डे कळत नव्हते, गाडी एवढी झकास झाली होती, आणि त्याला तिची शरम वाटत होती.

“माय, उद्या हसनाबादला जायचं,” घरी आल्या आल्या तो म्हणाला. “भाड्यानं कार सांगतो.”

“दारात हत्ती बांधलाय अन् भाड्याचं गाढव कशाला?” चतुराबाई म्हणाली. “लोक काय म्हणतीन तुला? जायचं तर आपल्याच गाडीत जाऊ.”

सकाळी साधनानं स्टूल आणून ठेवलं. चतुराबाई स्टुलावर चढली, पण तिथून पुढं गुडघा वाकेना. बद्रीनाथ वरून ओढतोय, साधना खालून आधार देतेय, लुगडं दांडीत अडकलंय, आणि समोरच्या ओट्यावर बायका जमलेल्या. चतुराबाईच्या कपाळाला घाम आला.

“थांबा,” ती म्हणाली. “गाडी धक्क्याला घे.”

गावाबाहेर दगडमातीचा एक धक्का होता. टेम्पो त्याला उलटा लावायचा आणि बाजाराची जनावरं त्यावरून आत हाकायची.

“माय, तिथं बैलं चढवतेत.”

“मंग? म्हाताऱ्या बैलाला येगळा दरवाजा असतो का?” चतुराबाई हसली. साधनालाही हसू आलं. बद्रीनाथला मात्र गाडीची चावी फिरवताना समोरचं धूसर दिसायला लागलं.

दोघी चालत धक्क्यापर्यंत गेल्या. त्यानं जीप कडेला लावली, शेणामातीच्या त्या धक्क्यावरून आई सरळ सीटवर येऊन बसली, आणि साधना घरी परतली. रस्ताभर चतुराबाई खुशीत होती. “लय उंचावरून दिसतंय रं. समद्यांची डोस्की दिसून राह्यली,” असं म्हणत तिनं अंबड येईपर्यंत गाडीचं कौतुक केलं. एखादी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

हसनाबादला धक्का नव्हता. जीपचा आवाज ऐकून पुष्पाबाई चाचपडत बाहेर आली. “चतुरे?” म्हणत तिनं बहिणीच्या तोंडावरून हात फिरवायला दोन्ही हात पुढं केले. हाताला लागले ते चतुराबाईचे पाय.

“आगं माय! थोरल्या बहिणीला पाया पडायला लावती का?” ती म्हणाली. पाय सोडून तिनं जीपचा पत्रा चाचपला, खाली मोठं चाक चाचपलं. जुन्या गाडीची पायरी जिथं असायची तिथं तिचा हात बराच वेळ हवेत फिरला. “म्हून आली न्हाई व्हय गं तू?” तिनं विचारलं. “मंग येऊ वाटंना असं काहून म्हणली?”

“पोराची हौसेची गाडी. तिला कशाला नाव ठिवायचं?” वरून चतुराबाई म्हणाली.

पुष्पाबाईनं सुनेला स्टुलासाठी हाक मारली. पण स्टूल येईपर्यंत बद्रीनाथला धीर धरवला नाही. जीपच्या दाराशी तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात मातीत टेकले आणि पाठ पुढं केली. थोडं नाटकी झालं, पण त्याला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

“बद्री, ऊठ. लोक बघून राह्यले.”

“पाय दे, माय.”

“दे गं,” पुष्पाबाई म्हणाली. “त्यानंच चढवलीय गाडी, उतरवू दे त्यालाच.”

मग त्याच्या हाताशेजारी आईची एक चप्पल पडली, पाठोपाठ दुसरी. पोराच्या पाठीवर पाय द्यायचा म्हणून तिनं चपला काढल्या होत्या. अनवाणी पाऊल पाठीवर टेकलं, डाव्या गुडघ्याची थरथर त्याला मणक्यापर्यंत जाणवली, आणि आई खाली उतरली. दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या. पुष्पाबाई नाकाला नाक लागेल एवढी जवळ जाऊन तिचं तोंड बघत होती.

“येवढा शाना तू,” मग ती बद्रीनाथकडं वळली, “मायचं ध्यानात न्हाई आलं तुझ्या?”

“न्हाई आलं बिचाऱ्याच्या,” चतुराबाई झटकन म्हणाली. “कामाच्या घाईत राहून गेलं.”

“आल्तं, माय,” बद्रीनाथ म्हणाला. अजून तो मातीतच बसला होता.

सुनेनं स्टूल आणलं होतं. पुष्पाबाई तिला चहाचं सांगायला वळली. तेवढ्यात चतुराबाई त्याच्या कानाशी वाकली.

“मला ठाव हाय,” ती हळूच म्हणाली. “कडबा काढाया गेल्ते, तवाच दिसल्या पायऱ्या. ध्यानात आलं नसतं तर दडवल्या असत्या का? पण तिच्याम्होरं कशाला बोलून राह्यला?”

आणि बहिणीचा हात धरून ती अनवाणीच आत गेली. बद्रीनाथ उठला. त्यानं आईच्या चपला उचलल्या आणि दारापर्यंत आला. आतून मावशी हाका मारत होती, चहा झाला, ये की रं आत. त्या दाराला एकच पायरी होती. चपला हातात धरून तो तिच्याखाली उभा राहिला, आणि ती काही त्याला चढवेना.