पाण्याखालच्या आईची कॅसेट

मी व्हिडिओ गेमची कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे, ती माझ्यापेक्षा सडपातळ असते. माझ्या पोटात एक अख्खं राज्य आहे आणि तुम्ही त्यात कुठवर पोहोचलात ते लक्षात ठेवायला बटणाएवढा एक सेल.

माझा जन्म जपानचा. आम्ही तिघी बहिणी. खेळ तीन, पण पुराण एकच. समुद्राच्या तळाशी एक आई झोपली आहे, ती जागी झाली नाही तर सगळं पाणी मरेल. दर दोन खेळांच्या मधे शेकडो वर्षं उलटलेली असतात आणि तिला उठवायला नवा कुणी निघतो. मी सर्वांत धाकटी. आम्हाला घडवणाऱ्यांचं मला आजही कौतुक वाटतं. पहिल्या खेळात ज्या पोराला तुम्ही गावोगाव हिंडवता, तो दुसऱ्यात वेशीवरचा दगडी पुतळा झालेला असतो आणि माझ्यात लोक त्याच्यापुढे दिवा लावतात.

बोटीवर खलाशी असलेल्या वामनने आम्हाला मशीनसकट सिंगापूरहून आणलं, बोईसरजवळच्या दांडी गावात. घरात त्याची आई काशीबाई, सुकी मासळी विकणारी. बहीण उषा तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला. माझी जपानी कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे तिघं सारखीच अडाणी. वामन खेळायचा, उषा वाटा लक्षात ठेवायची आणि काशीबाई बोंबील निवडता निवडता बघायची. माझ्यातला तो पुतळा दिसला तशी तिने हात जोडले.

"आये, गेम हाय ह्यो," वामन हसला.

"मंग? पयल्या खेलातला पोर ना आपला? देव झाला."

सुट्टी संपली तेव्हा वामनचा गडी, म्हणजे खेळात तो चालवायचा तो वीर, शेवटच्या दारात उभा होता. एकच लढाई उरली होती. ती मी आल्यावर लढेन, तोवर माझा गडी सांभाळ, असं उषाला बजावून तो बोटीवर गेला.

उषाने मला जिवापाड जपलं. सुट्टीच्या दिवशी माझ्या सोनेरी दातांवर, म्हणजे मशीनला जोडणाऱ्या पट्ट्यांवर, फुंकर घालायची, मशीनमध्ये बसवायची, गडी जागेवर आहे ना ते बघायची आणि बंद करायची.

मग दसरा आला. काशीबाईने तराजू, कोयता, टीव्ही यांची पूजा मांडली. परदेशात राबणाऱ्या मुलाची वस्तू म्हणून मलाही पाटावर बसवलं. उषा दर सुट्टीला फुंकर घालते, म्हणजे हेच हिचं तोंड, असं समजून तिने माझ्या दातांवरच ओलं हळदीकुंकू लावलं. किती मायेने लावलं! संध्याकाळी मात्र पडदा काळाच राहिला.

उषा मला घेऊन बोईसर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मला उघडलं, दात खोडरबराने पुसले तसा पडदा उजळला, मग सेल बदलला. सेल जुना होता, दीदी, आज ना उद्या जाणारच होता, उसमें हळदी का दोष नहीं, असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं. पण सेलबरोबर वामनचा गडी गेला तो गेलाच.

काशीबाईला सेलचं पटेना. पोराने एक गोष्ट सांभाळायला दिली होती, ती आपल्या हातून पुसली गेली, एवढंच तिला कळत होतं. दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून आली, हात साबणाने दोनदा धुतले आणि उषाला म्हणाली, "तो रिमोट दे. कंचा बटन कशाचा, सांग."

मासळी कापून घट्टे पडलेले ते अंगठे! खेळात किती वेळा मेली ती! शेजारची मैनाबाई दारातून टोमणा मारायची, "काशे, म्हातारपनी पोरांचे खेल?"

"पोराचाच हाय. माज्या पोराचा."

उषा पाळीवरून आली की वाट सांगायची, काशीबाई चालायची. पुतळा आला की थांबून हात जोडायची, मगच पुढे.

पुढच्या सुट्टीत वामन आला. बॅग न सोडता त्याने मला मशीनमध्ये बसवलं. शेवटच्या दारात एक गडी उभा होता.

"ह्यो माझा नाय," तो म्हणाला. "ह्याची तलवार येगली हाय."

"तुजा गेला रे, माज्या हातून," काशीबाई म्हणाली. "ह्यो मी आनलाय. घे, लढ तू." तिने रिमोट पुढे केला.

 वामन रिमोट परत तिच्या हातात ठेवून तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

त्या दिवशी पाण्याखालची आई जागी झाली. काशीबाई हरली, पुन्हा लढली, हरली, पुन्हा लढली. चुलीवरचा भात करपला तरी कुणी उठलं नाही.

आता मशीनही जुनं झालं. उषाने मला पिशवीत गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलंय, सेल संपेल आणि आईचा गडी जाईल म्हणून कुणाला हात लावू देत नाही. तिची माया मला कळते. पण उषाताई, एवढं ऐक. सेल संपू दे, गडी पुसला जाऊ दे. मला बाहेर काढ आणि कुणाच्या तरी हातात दे.