कच्च्या लिंबाचं वजन

शेजारी झोपलेल्या पोराचा श्वास मोठ्यानं वाजतोय म्हणून काळजी, आणि वाजायचा थांबला की त्याहून जास्त काळजी. वच्छलाबाईंची झोप या दोन काळज्यांच्या मध्ये कुठंतरी हरवली होती. हे त्यांनी मला नाही, डॉक्टरांना सांगितलं. पण सांगताना त्यांचा हात माझ्या साखळीवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

मी तराजू. वाशीमजवळच्या मालेगावच्या लखीराम शेठच्या अडत दुकानातला. बोलायची मला सवय नाही. आमच्यात दांडी हलली की बोलणं झालं. आज जरा जास्त हलतेय, एवढं समजून घ्या.

वाशीमच्या एका लोहारानं मला घडवलं. लोखंडी दांडी, जाड साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पारडी. तूर, ज्वारी, सरकी, मिरच्या, सगळं अंगावर घेतलं. मिरच्यांच्या दिवसांत शेठ शिंकायचा आणि मी उगाच डुलायचो. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन. माल विकणाऱ्याला माझं पारडं खाली जायला हवं असायचं, घेणाऱ्याला वर. दोघंही माझ्याकडं अशा आशेनं बघायचे, जणू मी मनावर घेतलं तर काही करू शकेन.

दुकानाला लागून दवाखाना. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी तिथं येणारी पोरं काटकुळीच. त्यांना तोलायला डॉक्टरांकडं एक कापडी झोळी होती. त्या रांगेत एक दिवस वच्छलाबाई आपल्या शालिग्रामला घेऊन उभ्या राहिल्या. आठ वर्षांचा पोरगा, गाल इतके भरलेले की डोळे आतून डोकावत होते. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून तो धापा टाकत होता. रांगेतली एक बाई कडेवरचं वाळकं लेकरू सावरत म्हणाली, "बाई, आमाले दे ना थोडं याच्यातलं."

सगळे हसले. वच्छलाबाईही हसल्या, पण पदराआड. त्या मॅट्रिक झालेल्या. बालसंगोपनावर छापलेलं जे हाती येईल ते वाचायच्या, आणि वाचून झालं की आपलं त्यातलं काय चुकलं ते शोधायच्या. अशक्त मुलाला काय खाऊ घालावं हे सगळीकडं होतं. अशा मुलाचं काय करावं हे कुठंच नव्हतं.

पोरगा झोळीत मावेना, म्हणून डॉक्टरांनी शेठसकट मला मागवून घेतलं. शालिग्राम पारड्यात बसला आणि शेठच्या तोंडून सवयीनं निघालं, "लाभ!"

खरी गोष्ट घरी होती. घरी होत्या सासूबाई, सोजरबाई. शालिग्राम जन्मला तेव्हा उंदराच्या पिल्लाएवढा होता. हा जगला तर गुळानं तोलीन, असं त्यांनी मारुतीला बोलून ठेवलं होतं. पोरगा जगला. पण मग दुष्काळ आला. रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकरी गिळायची वेळ आली, तिथं गूळ कुठला? गुळाची तुला राहून गेली. दुष्काळ सरल्यावर, ती फिटेपर्यंत म्हणून, सोजरबाई नातवाला लोणी, साय, शेंगदाण्याचे लाडू असं चारत राहिल्या. सून काही बोलली की म्हणायच्या, "देवाले हलकी तुला देऊ का?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गोळी दिली नाही. संध्याकाळी स्वतः दवाखान्यामागच्या मैदानावर गेले. तिथं धनसिंगचं क्रीडा मंडळ पोरांना खो-खो, लंगडी, पकडापकडी खेळवायचं. दोघांत ठराव झाला. गुडघे-कोपरं फुटली तर मलमपट्टी दवाखान्याची, आणि दवाखान्यानं पाठवलेलं पोरगं मंडळाचं. शेठनं दुकानातल्या दुसऱ्या तराजूवर भागवलं आणि मला मैदानाकडेच्या कडुनिंबाला टांगलं. बाजाराच्या दिवशी डॉक्टर येऊन पोरांना तोलायचे.

पोरांनी शालिग्रामला घेतलं, पण कच्चा लिंबू म्हणून. म्हणजे खेळायचं सगळं, पण तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याच्यावर डाव कधी यायचा नाही. ज्याच्यावर डाव, त्यानं बाकीच्यांना पकडायचं. हा कुणाला पकडणार? घरी, दवाखान्यात, रांगेत सगळ्यांनी त्याचं वजन धरलं होतं. खेळात मात्र तो मोजलाच जात नव्हता. घरी जाताना तो घ्यायला आलेल्या आईला म्हणाला, "मी होतो तरी खेळ तसाच चालला."

त्या रात्री वच्छलाबाई पुन्हा जाग्या राहिल्या असणार. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच मैदानावर हजर. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात टॉवेल. पोरगा धावला की ओरडायच्या, "हळू पळ रे, पडशील!" शेवटी धनसिंग जवळ आला. म्हणाला, "वहिनी, त्याले पळायले पाठवलं का उभं राहायले?"

मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे मिटून घ्यायच्या. पोरगा पडल्याचा आवाज आला की एक उघडायच्या.

थोड्याच दिवसांत सोजरबाईही आल्या, पदराखाली लोणी-भाकरी घेऊन. डॉक्टरांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की आजी, सगळ्यांसमोर एकट्याला कसं चारता? भोवती पोरांचा गराडा पडलाच होता. पुढं रोजची टोपली मोठी झाली आणि शालिग्रामच्या वाट्याचा घास लहान. "मेले माह्या नातवाचं खाऊन राह्यले," असं म्हणत म्हणत त्या वाढायच्या आणि एखादं पोरगं आलं नाही तर त्याची चौकशी करायच्या.

बरेच बाजार गेले. माझ्या दुसऱ्या पारड्यातली वजनं काही फारशी कमी होईनात. वच्छलाबाईंनी एकदा डॉक्टरांना हळूच विचारलं, "या तराजूत काही खोट तर नाही?" मला वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, "पोरगा उंच होतोय. वजन आहे तिथं राहू द्या. काट्याकडं नका बघू, त्याच्या धापेकडं बघा."

धाप मला तोलता येत नाही. पण पूर्वी तो पारड्यात बसला की माझ्या साखळ्या बराच वेळ थरथरायच्या. आता लवकर शांत होत होत्या. हे कुणी मला विचारलं नाही.

आता शेठकडं नवा प्लॅटफॉर्म काटा आलाय. मी निंबालाच राहिलो. एका पारड्यात पोरं झोके घेतात, दुसऱ्यात त्यांच्या चपला असतात. भंगारवाला विचारत आला तर त्याला सांगा, हा अजून कामावर आहे.

माझं शेवटचं खरं तोलणं त्याआधीचं, हनुमान जयंतीला याच निंबाखाली झालेलं. सोजरबाईंनी नातवाकडं बघून अंदाजानं गुळाच्या भेल्या आणल्या होत्या, तो पूर्वीसारखाच फुगत असेल असं धरून. कपाळाला टिळा लावलेला शालिग्राम एका पारड्यात बसला. दुसऱ्यात भेल्या चढू लागल्या. "लाभ," शेठ म्हणाला. सासूला नातवाचं पारडं खाली हवं होतं, सुनेला वर. सगळं गाव बघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कोण जड हे आपण सांगूच नये.

दांडी सरळ झाली आणि एक अख्खी भेली खाली उरली.

सोजरबाईंचा चेहरा उतरला. वच्छलाबाईंचा उजळला, आणि सासूचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांनी मान खाली घातली. "तराजूत खोट हाये," सोजरबाई म्हणाल्या. शेठ शपथ घ्यायला लागला. मग सगळे शालिग्रामकडं बघायला लागले.

तो आमच्यापैकी कुणाकडंच बघत नव्हता. मागच्या मैदानात पोरं खेळ थांबवून उभी होती.

"आजी, लवकर उतरव ना," तो म्हणाला. "माह्यावर डाव हाये."