टिकटिकीवर भरणारी पॉवर बँक

सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण मी सलग एकशे अडतीस दिवस एकाच बाईला एकच थाप मारली आणि ती एकदाही पकडली गेली नाही. तुम्ही म्हणाल, बंडलकाकांचं नेहमीचंच. म्हणा. एकाहत्तर वर्षं लोक म्हणताहेत, त्याने माझं वजन काही घटलं नाही. घटलं असतं तर गुडघ्यांनी दुवा दिला असता.

आज संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या जिन्यात दिवा लागला. वायरमन शेवटच्या पायरीवर बसून पेचकस पुसत होता. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई त्याच्यासाठी पाणी घेऊन वर आली होती. आक्का आत चहा टाकत होती, दार लोटलेलं. म्हटलं, वीज आली, थापेचं काम संपलं. आता तिला रीतसर निवृत्त करावं. म्हणून दोघांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तळमजल्यावरची मीटरची खोली जळाली तेव्हा सगळी इमारत अंधारात गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर मालक आणि वीजवाले एकमेकांकडे बोट दाखवत बसले. अंधाराचं आक्काला काही नव्हतं. भीती होती ती संध्याकाळच्या सातची. परगावी असलेली तिची लेक रोज सातला फोन करते, आणि तिने बजावून ठेवलं होतं, "आई, ज्या दिवशी फोन लागणार नाही त्या दिवशी मी येऊन तुला घेऊन जाणार. घराला कुलूप." लेक बोलली तसं करणारी आहे. आमच्या घराण्यात हा दोष तिच्यापासूनच सुरू झाला.

वीज नाही हे आक्काने तिला सांगितलं नव्हतं. आणि फोन इतका जुना की दुपारच्या झोपेतून माणूस उठावा तोवर त्याची बॅटरी झोपलेली.

"मग आमच्याकडे द्यायचा ना," शिंपीणबाई म्हणाली. "मी दुकानात लावला असता."

"आक्का मागेल कोणाकडे? ती देवाकडेसुद्धा मागत नाही, फक्त चौकशी करते."

तेवढ्यात फोन कंपनीने एक योजना काढली. जुन्या ग्राहकांना पॉवर बँक फुकट. रिकामी झाली की कंपनीच्या दुकानात द्यायची आणि भरलेली घेऊन यायची, रोज एक. मला एक मिळाली, आक्काच्या नावावरची दुसरी मीच सही करून आणली. आता दुकान माझ्या घराजवळ, आणि आक्काच्या घरी शहाण्णव पायऱ्या. उतरताना त्या एकशे चार होतात, मी मोजल्या आहेत. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. आक्काने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "माझ्यासाठी जिना चढायचा नाही. चढलास तर दार उघडणार नाही."

म्हणून थाप. तिला म्हटलं, ही पॉवर बँक कधीच संपत नाही. घड्याळाच्या टिकटिकीवर भरते. कपाटावरच्या घड्याळामागे ठेवायची, मात्र हात लावायचा नाही, नुसती वायर लावायची आणि काढायची. कंपनीचा साहेब म्हणाला, माणूस संपेल पण ही संपायची नाही.

वायरमनने पेचकस खाली ठेवला. "टिकटिकीवर?"

"तू शिकलेला आहेस म्हणून तुला हसू येतं. आक्का म्हणाली, बरं."

रोज पाचला मी पत्ते खेळायच्या निमित्ताने जायचो. तिला सांगायचो, घरी बायको टीव्ही मोठ्याने लावते. प्रत्येक मजल्यावर थांबायचो, पहिल्यावर एक मिनिट, तिसऱ्यावर पाच. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीचा पोपडा मला पाठ आहे, त्याचा आकार उलट्या बुटासारखा आहे. वर पोचलो की आक्का चहा टाकायला आत जायची, आणि मी खिशातली भरलेली घड्याळामागे, घड्याळामागची रिकामी खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात टोकन घेऊन बसायचं. काउंटरवरची मुलगी पहिल्यांदा हसायची, मग नुसतं बघायची, मग न बघताच हात पुढे करायची. तीही थकली होती. एकदा म्हणाली, "काका, यांच्या तळाला शाईने बारीक काहीतरी लिहिलेलं असतं, तुम्ही लिहिता का?" म्हटलं, कंपनीचं काहीतरी असेल, बाई. मला चष्म्यातूनही दिसत नव्हतं.

"एकही दिवस चुकलं नाही?" शिंपीणबाईने विचारलं.

चुकलं. चाळिसाव्या दिवशी. बदललं असं समजून मी रिकामीच परत ठेवली आणि भरलेली घेऊन खाली उतरलो. कोपऱ्यावर गेल्यावर खिशातली बाहेर काढून कळ दाबली तर चारही दिवे हिरवे. साडेसहा झालेले. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी रस्त्यातच बसणार होतो. वाटलं, जाऊ दे. लेक येईल, घेऊन जाईल, तिकडे लिफ्ट आहे, वीज आहे, आक्काला सुख लागेल. मलाही लागेल. दोन मिनिटं मी हा विचार अगदी मनापासून केला. मग आठवलं, आक्का त्या खिडकीत पन्नास वर्षं उभी राहत आली आहे. तिकडे तिला कोणाची खिडकी मिळणार.

चढलो. सातला पाच कमी असताना दार वाजवलं. म्हटलं, चष्मा विसरलो. ती म्हणाली, नाकावर आहे. म्हटलं, अरे हो. आणि ती आत पाणी आणायला गेली तेव्हा बदलाबदली केली. ती बाहेर आली, वायर फोनला लावली, आणि सातला फोन वाजला. लेकीला म्हणाली, "काही नाही गं, मामा आलाय. चष्मा शोधतोय."

"आणि त्यांना कळलंच नाही," वायरमन म्हणाला.

"कसं कळेल? आक्का साधी. आयुष्य धुलाईच्या कारखान्यात गेलं, तिला यंत्रांतलं काय कळतं. एकशे अडतीस दिवस, अजून तिला वाटतं टिकटिकीवर..."

"चौथ्या दिवशी," आक्का म्हणाली.

दार कधी उघडलं ते मला कळलं नाही. ती हातात चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. शिंपीणबाईने उठून कप घेतले.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवर खुणा केल्या, धाकट्या. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे झगे. माझ्या हातून वस्तू गेली आणि तिच्यावर खूण नाही असं झालेलं नाही. पहिल्याच दिवशी त्या डबीच्या तळाला शाईने एकचा आकडा काढला. चौथ्या दिवशी बघते तर एक नाहीच. मग तिच्यावर दोन काढला. सव्वीस नंबरची पाच वेळा परत आली. ती लवकर उतरते, दुकानात सांग."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? तुझी बायको माझ्याकडे फोनवर रडत होती, हा खुर्चीतून उठत नाही, डॉक्टरने पायऱ्या चढायला सांगितल्यात, ऐकत नाही. तुला ये म्हटलं तर तू आला असतास? तुला नको म्हटलं की तू करतोस. पाळण्यात होतास तेव्हापासून."

वायरमन चहाकडे बघत बसला. हसला असता तर बरं झालं असतं.

"त्या चाळिसाव्या दिवशी मात्र सांगणार होते," आक्का म्हणाली. "कळ दाबली, एकही दिवा नाही. फोनमध्ये काही उरलं नव्हतं. खिडकीतून बघितलं, तू कोपऱ्यावर उभा. बराच वेळ उभा होतास. म्हटलं, हा आता घरी जाईल, बरोबरच आहे त्याचं. मग जिन्यात तुझा श्वास ऐकू आला. दुसऱ्या मजल्यापासून येत होता."

तिने पदराखालून पॉवर बँक काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी तळ बघितला. या वेळी डबीचा नंबर नव्हता, दिवसांचा आकडा होता, मुद्दाम मोठा काढलेला, मला दिसेल असा. एकशे अडतीस.

"रिकामी आहे. उद्या भरून आण."

"आक्का, वीज आली. आता भिंतीतच लाव की."

"भिंतीत आली," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यात कुठे आली आहे अजून? लिफ्ट सुरू झाली तरी जिन्यानेच ये. आणि थाप मारायची तर नवी आण, टिकटिकीची शिळी झाली. ते घड्याळ मीटर जळायच्या आधीपासून बंद आहे."