डोलकाठीचं भोक

टेपचं टोक तुळईवर सरकवताना उन्नतीचा हात एका भोकापाशी अडला. मूठ सहज आत जाईल एवढं भोक.

"डोलकाठी हुती तिथं," साखरबाई खालून म्हणाली. "आमच्या होडीचं लाकूड हाय ते. होडी मोडली तवा ह्यांनी घराला घातलं."

उन्नती पाम गावातल्या घरांचा कार्बन मोजत होती. सामान बनवण्यापासून घर पाडेपर्यंत किती हवेत जातो, तो. साखरबाईचं कौलारू घर उद्या उतरणार होतं आणि तिथे तिचा मुलगा कमलेश स्लॅबचं बांधणार होता. जुनं लाकूड त्याने बोईसरच्या वखारीत सांगून ठेवलं होतं. एवढी तुळई मात्र साखरबाई सोडायला तयार नव्हती.

"मॅडम, तुमीच सांगा हिला," कमलेश म्हणाला. "भोकाचं लाकूड कोण घेनार? सरपणालाच जायचं ना?"

उन्नतीने लांबी, रुंदी, जाडी वहीत मांडली. "जळलं तर शंभर किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल."

"ऐक!" साखरबाई लेकावर उसळली. "शंबर किलो! तुज्यापरीस जड."

"आणि माज्या नव्या घराचे किती?"

"सिमेंट, सळई, विटा मिळून तीस हजारांच्या आसपास."

कमलेश हसला. "मग ह्या शंभराने काय होतंय?"

साखरबाई उन्नतीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फारसं नाही," उन्नती म्हणाली आणि टेप गुंडाळू लागली. साखरबाईने सुकटीचं सूप पुढे ओढलं नि मान खाली घालून कचरा निवडायला घेतला.

कमलेशची बायको दीपा चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली.

"ताई, नव्या खोलीत ही तुळई बसवली तर भोक जमिनीपासून किती उंच येईल?"

"साडेआठ फूट. का?"

"काय नाय." ती कपांकडे बघत म्हणाली. "पाळण्याच्या झोळीचा दोर त्यातनं जाईल का, ते बघत होते."

साखरबाईचं सूप हलायचं थांबलं. कमलेशने दीपाकडे पाहिलं. मग आईकडे. मग त्याने खिशातून मोबाइल काढला.

"हां, नरहरीशेठ. लाकडं उद्या न्या. एक सोडून."

उन्नतीने वही पुन्हा उघडली. 'पुढील वापर' या रकान्यात तिने मघाशीच 'सरपण' लिहून टाकलं होतं. ते खोडलं, आणि ती परत स्टुलावर चढली.

"भोकाचं माप घ्यायचं राहिलं," ती म्हणाली. "दोर किती जाड असतो, आजी?"